सर्व्हर रूमचा एसी चौरस फुटांवरून ठरत नाही

लहान ऑफिसात सर्व्हरसाठी वेगळी खोली करायची ठरली की एक सल्ला हमखास येऊन पोचतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो: "100 चौरस फुटांना 1 टन धरा. अगदी अचूक हवं असेल तर मशीनच्या पाटीवरचे वॉट जोडा. एसी 16 ते 18 वर ठेवा. एकच घ्या, पण मोठा घ्या. ऑफिस सुटलं की बंद करा. बिघडलाच तर दार उघडून पंखा लावा." पाठ व्हायला सोपा असल्यामुळे तो भराभर पुढे जातो. पण यावर विसंबून खोल्या बांधल्या जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

"100 चौरस फुटांना 1 टन"

हा ठोकताळा माणसं बसतात त्या खोल्यांचा आहे. तिथे उष्णता येते भिंतींतून, छतातून, खिडक्यांतून आणि माणसांच्या अंगातून. खोली मोठी झाली की हे सगळं साधारण त्याच प्रमाणात वाढतं. सर्व्हरच्या खोलीत उष्णता रॅकमधून, म्हणजे यंत्रं एकावर एक बसवलेल्या लोखंडी कपाटातून येते. यंत्र जेवढी वीज घेतं, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीत पडते. 1 वॉट म्हणजे तासाला 3.412 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), आणि तासाला 12,000 बीटीयू म्हणजे 1 टन, सुमारे 3.5 किलोवॉट. खोलीची लांबी-रुंदी या हिशेबात फार उशिरा येते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. खोली 6 बाय 8 फुटांची, म्हणजे 48 चौरस फूट. आत तीन सर्व्हर, प्रत्येकी मोजलेले 350 वॉट, म्हणजे 1,050. स्टोरेज 250. फायरवॉल आणि मोडेम मिळून 80. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही पुरवणारा स्विच, 400 वॉट ओढतो, पण त्यातले 250 वॉट केबलमधून बाहेरच्या कॅमेऱ्यांना आणि फोनना जातात; ती उष्णता तिकडे पडते, खोलीत राहतात 150. ही वजावट बहुतेक हिशेबांत सुटते. म्हणजे यंत्रांचे झाले 1,530 वॉट. यूपीएसमधून, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रं चालू ठेवणाऱ्या उपकरणातून, स्विचचे पूर्ण 400 धरून एकूण 1,780 वॉट जातात. त्यावर 8 टक्के तूट धरली तर आणखी 140. दिवा 40, काम करायला आत आलेला एक माणूस 100, भिंतींतून येणारी उष्णता 300. बेरीज 2,110 वॉट, म्हणजे तासाला सुमारे 7,200 बीटीयू, 0.6 टन.

इथे थांबून चालत नाही. साध्या स्प्लिट एसीची सगळी क्षमता हवा थंड करण्यात जात नाही. काही भाग हवेतली वाफ काढण्यात खर्च होतो. सर्व्हर घाम गाळत नाहीत, त्यांची उष्णता पूर्ण कोरडी असते. एसीचा तीन चतुर्थांश भाग कोरड्या उष्णतेसाठी मिळतो असं धरलं, तर 2,110 वॉटसाठी सुमारे 2,800 वॉटचा एसी लागतो. पुढच्या वाढीसाठी 25 टक्के ठेवले की आकडा 3,500 वॉटवर जातो, म्हणजे बरोबर 1 टन.

चौरस फुटांच्या नियमाने याच खोलीला अर्धा टन पुरायला हवा होता. हाच रॅक 200 चौरस फुटांच्या खोलीत नेला तर तोच नियम 2 टन सांगेल, जेव्हा खरी गरज भिंतींच्या वाट्यापुरतीच वाढलेली असेल. एकदा निम्मं आणि एकदा दुप्पट सांगणाऱ्या नियमाला मी अंदाजसुद्धा म्हणणार नाही.

"अचूक हवं असेल तर पाटीवरचे वॉट जोडा"

इथे निदान दिशा बरोबर आहे, वॉटकडे वळलेली. पण पॉवर सप्लायच्या पाटीवरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते, रोजचा वापर नव्हे. दोन 750 वॉटचे सप्लाय असलेला सर्व्हर 1,500 वॉट घेत नाही. दुसरा सप्लाय पहिला गेला तर असावा म्हणून असतो, आणि दोन्ही चालू असताना भार वाटून घेतात. अशी बेरीज करत गेलं की गरजेच्या कित्येक पट एसी येतो. त्यात कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारा असेल तर तो काही मिनिटांत खोली गार करतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. रॅकसमोरचं तापमान सतत वरखाली होत राहतं आणि कॉम्प्रेसरही लवकर झिजतो.

मोजणं अवघड नाही. यूपीएसच्या पडद्यावर भार दिसतो. डेलच्या आयड्रॅकमध्ये किंवा एचपीईच्या आयएलओमध्ये, म्हणजे सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवायच्या त्यांच्या सोयींमध्ये, प्रत्येक सर्व्हरचा वीजवापर दिसतो. आठवडाभर नोंदी ठेवा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. बॅकअप चालू असतानाचा आकडा त्यात आलाच पाहिजे.

"16 ते 18 वर ठेवा"

अमेरिकेतली ॲशरे ही संस्था यंत्रांसाठी तापमानाची मार्गदर्शक मर्यादा देते. 2004 साली ती 20 ते 25 अंश सेल्सिअस होती; 2008 पासून शिफारस 18 ते 27 अंशांची आहे. हे तापमान सर्व्हरच्या पुढच्या बाजूला, तो हवा आत ओढतो तिथलं आहे. एसीच्या रिमोटवरचा आकडा वेगळा, खोलीच्या मधोमध टांगलेल्या तापमापकाचा वेगळा. रॅकमधल्या मोकळ्या जागा ब्लँकिंग पॅनेलने, म्हणजे कोऱ्या झाकणपट्ट्यांनी, बंद केल्या नसतील, तर मागची गरम हवा पुढे फिरून येते आणि रिमोटवर 18 असताना वरच्या सर्व्हरला 30 ची हवा मिळू शकते.

शिवाय 16 वर लावल्याने एसीची ताकद वाढत नाही, तो फक्त जास्त वेळ चालतो. उलट ती कमी होते, कारण एसीची क्षमता प्रमाणित चाचणीत आत 27 आणि बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. आत येणारी हवा 18 अंशांची झाली की तोच एसी कमी उष्णता उचलतो, कॉइलवर बर्फ धरण्याची शक्यताही वाढते. रॅकसमोर 22 ते 24 मिळालं तर पुरेसं आहे. त्याहून फार वर जाऊ नये असं मी म्हणतो ते बॅटऱ्यांमुळे. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर धरलेलं असतं आणि त्यापुढे साधारण दर 8 ते 10 अंशांना ते निम्मं होतं.

"एकच घ्या, पण मोठा घ्या"

मोठा एसीही बंद पडतो. प्रत्येक जण सगळा भार एकट्याने पेलेल असे दोन घ्या आणि आळीपाळीने चालवा.

"ऑफिस सुटलं की बंद करा"

सल्ल्यातला सर्वांत धोकादायक भाग हाच आहे. माणसं घरी जातात, सर्व्हर जात नाहीत. बॅकअप तर रात्रीच चालतात. वरच्या 48 चौरस फुटांच्या खोलीत, छत 9 फुटांवर धरलं तर, जेमतेम 12 घनमीटर हवा असते. यंत्रांचे 1,530 आणि यूपीएसच्या तुटीचे 140 मिळून 1,670 वॉट फक्त त्या हवेला तापवू लागले तर तापमान मिनिटाला सुमारे 7 अंशांनी चढेल. प्रत्यक्षात भिंती आणि रॅकचं लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून वेग यापेक्षा कमी असतो. तरी हातात रात्र नसते, थोडाच वेळ असतो.

हाच धोका वीज गेल्यावर येतो, आणि त्याचा विचार फार थोडी ऑफिसं करतात. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, एसी मात्र यूपीएसवर नसतो. म्हणजे बॅटरी जितकी मोठी, तितका वेळ थंडावा नसताना उष्णता तयार होत राहते. वीज परत आल्यावर काही एसी रिमोट दाबेपर्यंत सुरूच होत नाहीत, म्हणून आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय आहे का, हे घेण्याआधीच पाहा.

"बिघडला तर दार उघडून पंखा लावा"

यात थोडं तथ्य आहे, पण आकड्यांसकट समजून घ्यायला हवं. 1,670 वॉट उष्णता 10 अंशांच्या फरकाने बाहेर न्यायला तासाला सुमारे 500 घनमीटर हवा खोलीतून जावी लागते. बाहेरच्या पॅसेजमध्ये 25 अंश असतील तर बाहेर पडणारी हवा 35 ची असेल. पॅसेज 32 चा असेल तर 42 ची. नुसता दारात ठेवलेला पंखा तीच हवा आत घुसळतो. गार हवा खालून आत येईल आणि गरम हवा वरून बाहेर जाईल अशा दोन वाटा लागतात. एका नळीच्या पोर्टेबल एसीचंही असंच आहे: तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, तेवढीच गरम हवा फटींतून आत येते, आणि लिहिलेल्या क्षमतेचा बराच भाग तिथे वाया जातो.

म्हणून दार उघडण्याच्या आधीची पायरी ठरवून ठेवा. रॅकच्या वरच्या भागात, पुढच्या बाजूला एक सेन्सर लावा. 27 अंशांना फोनवर सूचना यावी. 32 ला चाचणीचे सर्व्हर आणि दुय्यम कामं बंद व्हावीत, 35 ला उरलेले सर्व्हर, आणि सर्वांत शेवटी स्टोरेज. कोणतं यंत्र कोणत्या क्रमाने बंद करायचं, हा कागद रॅकच्या दारावरच चिकटवलेला असू द्या.