वेंगुर्ल्याच्या आजीच्या तोंडी सातारा

आज एक कथा वाचली आणि डोकंच फिरलं. लालबागच्या चाळीतली आजी. मूळची वेंगुर्ल्याची, हे लेखकाने तीनदा सांगितलंय. आणि बोलते काय? ‘म्या कुटं गेले व्हते, ठावं हाय का तुला?’

अहो, ही वेंगुर्ल्याची नाही, साताऱ्याचीही धड नाही! वेंगुर्ल्याची आजी म्हणेल, ‘मी खंय गेललंय, ठावक आसा तुका?’

‘ण’चा ‘न’ केला, वर दोन ‘लई’ भुरभुरवले की झाली म्हणे गावरान भाषा. बोली असते ती क्रियापदात आणि प्रत्ययात. मालवणीत ‘घराक’, ‘माका’. वऱ्हाडीत ‘मले’, ‘करून रायलो’. लातूरकडे ‘काय करायलास’. कोल्हापूरची बाई ‘मी जातो’ म्हणते, मुद्रितशोधक निमूट ‘जाते’ करून टाकतो. मालवणीत ‘चेडू खंय गेला?’ असं मुलीबद्दलच विचारतात. ते नपुंसकलिंग आहे, छापखान्याची चूक नव्हे.

आणि मोलकरणीच्या तोंडी ‘पायजे’ लिहिता ना, मग दादरचा प्राध्यापक काय ‘पाहिजे’ म्हणतो? तोही ‘पायजे’च म्हणतो! पण त्याचं शुद्धलेखन तुम्ही सांभाळता, तिचं मोडता. ही बोली नाही, हिणवणं आहे.

‘वाचक अडखळतो हो.’ अडखळतो, मान्य. पण ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आलं ते मालवणीत, आणि मुंबईच्या प्रेक्षकाला दारात शब्दकोश वाटावे लागले नाहीत. अवघड शब्द प्रश्नात ठेवा, उत्तराने तो उलगडू द्या. ‘खंय गेललस?’ ‘बाजारात.’ संपलं. कंसात अर्थ कशाला?

बोली येत नसणं हा गुन्हा नाही, तेवढा काही मी कडक नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऑनलाइन आहेत, ती ऐका. क्रियापदाचे प्रत्यय, विभक्ती, खंय-हय-थंय, हाक मारायची तऱ्हा एवढं अचूक धरा, बाकीचं लेखन साधं ठेवा. मग त्याच तालुक्यातल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. मनात वाचला तर तो सौजन्याने ‘छान’ म्हणेल. मोठ्याने वाचताना जीभ अडली, की चूक नेमकी तिथेच.

आता कोणी म्हणेल, गिरणगावात कोकणातले आणि घाटावरचे भिंतीला भिंत लावून राहिले, आजीच्या बोलण्यात एखादा ‘लई’ आला असेल. आला असेल, बरं. शब्द उसने येतात. ‘गेललंय’चं ‘गेले व्हते’ होत नाही.

उलट तिची भाषा बदलते ती समोरचा माणूस बघून, आणि कथेत नेमकं तेच नाही. डॉक्टरसमोर ती जपून ‘मला इथे दुखतं’ म्हणेल, आणि दवाखान्याचा जिना उतरताना सुनेला सांगेल, ‘माका हय दुखता गो.’