बोरमाळेतली लाख आणि खुर्चीतलं बीच

नमस्कार काका (चाळीस वर्षं सुतारकामात काढली, असं तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंत, म्हणून ही मोकळीक),

सोनेरी इंग्रजी खुर्च्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. आत बीचसारखं स्वस्त युरोपीय लाकूड घालून वर सोनं चढवणं ही फसवणूक आहे. खुर्ची तेलावर मढवलेली असेल तर मी वर्णन केलेली घोटीव झळाळी तिच्यावर येणारच नाही. आणि खुर्चीच्या मालकाला लोक ‘नबाब’ म्हणत (हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेल्या इंग्रजांना तिकडे असं म्हणत), म्हणजे पैसा आपल्याकडचाच. मी ते सोयीस्करपणे गाळलं.

दुसरा आक्षेप आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली ती खुर्ची लंडनचा फर्निचरवाला थॉमस चिपेंडेल याने १७६५ मध्ये सर लॉरेन्स डंडास यांच्या आर्लिंग्टन स्ट्रीटवरच्या घरासाठी पुरवली. बिलात आठ खुर्च्यांचे १६० पौंड लावलेत आणि ‘तेलातलं सोनं’ असं स्वच्छ लिहिलंय. तेलाच्या चिकटीवर बसवलेला वर्ख घोटता येत नाही, घोटायला गेलं तर तो निघून येतो. घोटाई होते ती पाण्यावर बसवलेल्या वर्खाची. मी दोन्ही पद्धतींची सरमिसळ केली. मान्य.

पण ‘फसवणूक’ मला पटत नाही. मागे एकदा एका तसबिरीच्या चौकटीवर मी स्वतः वर्ख चढवून पाहिला, पाण्याच्या पद्धतीने. सरसात कालवलेल्या खडूचे आठ हात दिले, वाळवले, घासले. तोवर चौकटीवरची पानंफुलं पार बुजून गेली होती, पुरणात बुडाल्यासारखी. मग पुन्हा बारीक पटाशी घेऊन प्रत्येक शीर मोकळी करायची. म्हणजे कोरीवकाम दोनदा, एकदा लाकडात आणि एकदा खडूत. त्यावर तांबड्या मातीचा लेप. मग वर्ख. पंखा बंद, खिडक्या बंद, श्वाससुद्धा बेताचा. रुंद, पातळ कुंचला गालावरून फिरवायचा, म्हणजे कातडीचं जरासं तेल लागून पान त्याला चिकटतं. पंचवीस पानांच्या वहीतली सहा पानं माझ्या नाकासमोरून उडाली. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटायचं. खडू जास्त ओला असेल तर लेप उखडतो, फार वाळला तर चमक येत नाही. माझ्या चौकटीच्या एका कोपऱ्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात.

आता तुमचं बीच. ते स्वस्त होतं, खरं आहे, आणि त्याला कीडही लवकर लागते. पण त्याचे रेषे एकसारखे असतात, कोरताना पटाशी भरकटत नाही, आणि गादीचं कापड ठोकताना ओळीने खिळे मारले तरी लाकूड चटकन फाटत नाही. ज्याच्या रेषा कुणाला दिसणारच नाहीत, तिथे महागडं महोगनी कशाला घालायचं? आपल्या बोरमाळेच्या मण्यांतही लाख असते, पण तिला कुणी खोटी म्हणत नाही. सराफाने लाखेचं वजन सोन्यात धरलं तर ती फसवणूक. डंडास यांना मढवलेलं लाकूड मिळणार हे ठाऊक होतं, बिलातही तसंच लिहिलंय. त्याच ओळीत एक गंमत आहे: डमास्क, म्हणजे खुर्चीवरचं नक्षीदार विणीचं कापड, गिऱ्हाईकाचं स्वतःचं. आपण शिंप्याकडे कापड घेऊन जातो, तसं. म्हणजे वीस पौंडांच्या खुर्चीत वरचं कापड धरलेलंच नाही!

आराखडा वास्तुकार रॉबर्ट ॲडमचा. पुढच्या पट्टीवरचे स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) वगैरे त्याच्या डोक्यातले, आणि त्याने त्याचे पाच पौंड घेतले. ॲडमच्या आराखड्यावरून चिपेंडेलने बनवलेलं दुसरं फर्निचर माहीत नाही, म्हणून या संचाचं एवढं कौतुक. तरी ‘चिपेंडेलची खुर्ची’ म्हणताना मलाही जरा चुकल्यासारखं वाटतं. १७५५ मध्ये त्याच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा बावीस कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. एवढी माणसं राबत होती. स्फिंक्सचे पंख त्यांच्यापैकी कुणी कोरले असतील का, ते बिल सांगत नाही.

राहिला नबाब. डंडास यांना ‘उत्तरेचा नबाब’ म्हणत हे खरं, आणि शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. पण त्यांची मुख्य कमाई सैन्याला रसद पुरवण्याच्या ठेक्यांतली. आधी १७४५-४६ च्या जॅकोबाइट बंडाच्या (ब्रिटनच्या पदच्युत राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावाच्या) वेळी आणि पुढे सात वर्षांच्या युद्धात जर्मनीत. नाव नबाबाचं आणि धंदा ठेकेदाराचा. शिवाय कॅरिबियनमध्ये, डॉमिनिका आणि ग्रेनाडात, गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे त्यांच्या मालकीचे होते. हे मात्र मी लिहायला हवं होतं. तुम्ही बोट दाखवलंत ती दिशा चुकली, पण तिथे भोक होतंच.

मूळ लेखातलं घोटाईचं वाक्य आज काढलंय आणि मळ्यांबद्दल दोन ओळी घातल्यात. आणि काका, सागवानावर कधी वर्ख चढवून पाहिलात का? त्याच्या तेलामुळे खडू धरत नसावा असा माझा अंदाज आहे, पण पटाशी तुमच्या हातात चाळीस वर्षं आहे, माझ्या नाही.