एका जॅकवर स्वे बारला हात लावू नका

"पुढून खडखड येते? एका बाजूला जॅक लावा, स्वे बारच्या बुशला ग्रीस फासा, बोल्ट जमेल तेवढे आवळा. दहा मिनिटांत काम. तरी वाजलं तर बारच काढून टाका, गाडी मऊ चालते." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलणं कमी करणारा पोलादी दांडा. बुश म्हणजे त्याला धरणारा रबरी तुकडा.) काल मावसभावाने तो मला पाठवला, खाली "आज करून टाकतो" असं लिहून. म्हणून हे तातडीने.

आधी जॅक. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्यावर गाडी असताना खाली शिरू नका, हे जवळपास प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. समोरच्या कप्प्यातलं पुस्तक काढा आणि ते पान वाचा. शिवाय बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो. एकच बाजू उचलली की तिकडचं चाक लोंबतं, दुसरं दाबलेलं राहतं आणि बारला पीळ बसतो. अशा वेळी लिंक रॉडचा (बारचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) नट सोडला की बार झटक्यात उसळतो. बोटं मध्ये असतील तर चेचतात. बुश दाबून धरणाऱ्या ब्रॅकेटची भोकंही जुळत नाहीत, मग बोल्ट तिरका रेटला जातो आणि सबफ्रेममधले (गाडीखालच्या ज्या चौकटीवर बार बसतो तिच्यातले) आटे जातात. सपाट टणक जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, पुढे सारख्या उंचीवर दोन जॅक स्टँड. यातलं एकही कमी असेल तर काम सुरूच करू नका.

ग्रीस: साध्या ग्रीसमध्ये खनिज तेल असतं, त्याने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. चार दिवस आवाज थांबतो, म्हणून लोक फसतात. नवा बुश चढवताना सरकत नसेल तर साबणाचं पाणी पुरतं. सिलिकॉन ग्रीस लागतं ते पॉलियुरेथेनच्या बुशला.

बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (ठरवून दिलेल्या जोरावर) आवळायचे, अंदाजाने नाही. लिंकचा नट फिरवताना मधला बॉल स्टडही (नट ज्यावर बसतो ती आट्यांची दांडी) फिरतो. तो अ‍ॅलन कीने धरला नाही तर त्याचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतो.

बार काढून टाकणं हा शुद्ध धोका आहे. पुढचा बार गेला की गाडी वळणावर जास्त कलते आणि मागच्या चाकांची पकड लवकर सुटते.  बुश घेताना बारचा व्यास कॅलिपरने मोजा. 22 मिमीच्या बारवर 23 चा बुश पहिल्या दिवसापासून वाजतो.

बुश घरी बदलता येतात, एवढं मात्र खरं. बहुतेकांना चीर असते, बार न काढता चढतात. जुन्याची चीर कुठल्या दिशेला होती ते काढण्याआधी बघून ठेवा. पण अख्खा बार बदलायला बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम खाली घ्यावी लागते, स्टिअरिंगचा जोड सोडावा लागतो आणि नंतर अलाइनमेंट तपासावी लागते. ते वर्कशॉपचं काम.

आणि सुटे भाग मागवण्याआधी दोन्ही लिंक रॉड हाताने हलवून बघा. पुष्कळदा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथेच सापडतो.