अश्रुधूर, पेपर स्प्रे अन् आईचं तिखट

अंतरवाली सराटीचा विषय निघाला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून भांडण पेटतं. १ सप्टेंबर २०२३ ला तिथं मराठा आरक्षणाच्या उपोषणात लाठीचार्ज झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली, अन् आधी दगड का आधी लाठी यावर ग्रुपात कायमच्या दोन पार्ट्या. परवा चुलतभाऊ म्हणायला, जो गॅस युद्धात दुश्मनावर सोडायला बंदी तो आपल्याच माणसावर कसा काय सोडतेत, हे तर केमिकल वेपनच झालं. मी राहतो नेदरलँड्समधल्या हेगला, हा रासायनिक अस्त्रांचा करार सांभाळणाऱ्या ओपीसीडब्ल्यूच्या बिल्डिंगवरून सायकलनं जातो, म्हणून सगळ्यांनी मलाच धरलं, तू सांग.

अर्धं त्याचं खरंय. १९९३ चा करार, १९९७ पासून लागू, त्यात युद्धात अश्रुधूर वापरायला बंदीच आहे, पण दंगल आवरायला पोलिसांना सूट. उफराटंच वाटतं ना? पण रणात धूर दिसला तर समोरच्याला काय कळणार अश्रुधूर का सारीनसारखा जीवघेणा गॅस, त्यानं घाबरून खरा विषारी गॅस सोडला तर? गल्लीतल्या पोरांकडं सारीन नसतो.

मुळात करार पदार्थापेक्षा हेतू बघतो. क्लोरीन करारातल्या विषारी रसायनांच्या कुठल्याच यादीत नाही, आपल्या नळाच्या पाण्यात असतो (नळाला पाणी येईल तेव्हा), पण माणसं मारायला सोडला की अस्त्र. शेती, औषध, कारखाना, सगळ्याला मुभा, फक्त प्रकार अन् प्रमाण त्या कामाला शोभलं पाहिजे. आपल्या बांधावरच्या एरंडीतलं रायसिन नावाचं विष मात्र थेट पहिल्या, सगळ्यात कडक यादीत!

म्हणून मला वाटतं केमिकल वेपन म्हणून ओरडण्यात आपलंच नुकसान आहे, सरकार आरामात म्हणणार करारात बसतंय. उपोषणाला बसलेल्यांच्या गावात नळकांडी फोडायची गरज होती का, ऑर्डर कुणाची, हे हेगला नाही, मुंबईला विचारायचं. अन् इकडं नेदरलँड्समध्ये असं नसतं हे पण मी म्हणणार नाही, २०२१ ला कर्फ्यूच्या दंगलीत इथल्या आइंडहोव्हन शहरात अश्रुधूर सोडलाच की.

फरक आहे तो दुसरीकडं. माझी बहीण संभाजीनगरला पर्समध्ये पेपर स्प्रे घेऊन फिरते, ऑनलाइन मागवलेला. इथं तो पोलिसाच्या कमरेला चालतो, साध्या माणसाच्या खिशात सापडला तर बेकायदा हत्यार. डिसेंबरात ती यायलीय, म्हणलं स्प्रे घरी ठेवून ये. तर म्हणते, ठेवते, पण आईनं दोन किलो लाल तिखट बांधलंय त्याचं काय करू?