‘जुन्या ट्रकला कूलंट कशाला?’ या मेसेजचा प्रतिवाद

जुने ट्रक बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी इंजिनं साध्या पाण्यावरच चालायची, कूलंट लागतं ते बर्फ पडतो तिथे. टाकायचंच असेल तर जितकं दाट तितकं चांगलं. रंग जुळला की झालं, आणि लाँग लाइफ मिळत असेल तर तेच घ्यावं. पाणी कुठलंही चालतं.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा, सरस आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. निम्मं ग्लायकॉल मिसळलं की हा आकडा साधारण ३.४ वर येतो. म्हणजे तेवढ्याच द्रवातून उष्णता थोडी कमी वाहून नेली जाते. पण कूलंटचं काम तेवढंच असतं, तर हा वाद उद्भवलाच नसता.

‘बर्फ नाही तर कूलंट नाही’ हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग आहे. अनेक जुन्या डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लाइनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या, सुटे असतात आणि त्यांची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. यांना वेट लाइनर म्हणतात. पिस्टन वर-खाली जाताना लाइनरच्या भिंतीवर आपटतो आणि भिंत थरथरते. ती क्षणभर आत सरकली की बाहेरच्या बाजूला दाब एकदम पडतो आणि द्रवात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. भिंत परत आली की ते तिथेच फुटतात. असं दर मिनिटाला शेकडो वेळा होतं. प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उडवतो, आणि एकाच पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. खड्डा आरपार गेला की पाणी सिलिंडरमध्ये आणि मग तेलात. इंजिन तोवर एकदाही प्रमाणाबाहेर तापलेलं नसतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

यावर उपाय ग्लायकॉल नाही, कूलंटमध्ये मिसळलेली रसायनं आहेत. नायट्राइट, काही कूलंटमध्ये त्याच्या जोडीला मॉलिब्डेट, लाइनरवर पातळ थर धरतं. बुडबुडा त्या थरावर फुटतो, आणि थर पुन्हा तयार होतो. साध्या पाण्यात हे काहीच नाही. नायट्राइट वापरात संपत जातं, म्हणून तपासपट्टीने त्याचं प्रमाण बघावं लागतं आणि कमी झालं तर पूरक रसायन घालावं लागतं. तेही अंदाजाने ओतू नये. प्रमाणाबाहेर गेलं की ते साका होऊन बसतं आणि वॉटर पंपाच्या सीलला त्रास देतं.

उकळण्याचा मुद्दा थोडक्यात. रेडिएटरची टोपी १५ पीएसआय दाब धरणारी असेल तर पाणी साधारण १२१ अंशांना उकळतं, निम्मं मिश्रण १२९ च्या आसपास. जुन्या ट्रकच्या टोप्या बहुधा याहून कमी दाबाच्या असतात, आणि रबर झिजलेली टोपी तर दाब धरतच नाही. घाटात पाणी उडतं म्हणून कूलंटला नावं ठेवण्याआधी टोपी बदलून बघावी.

‘जितकं दाट तितकं चांगलं’ हे तर थंडीच्या बाबतीतही खरं नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. शिवाय दाट मिश्रण उष्णता कमी नेतं आणि त्यातली रसायनं बाहेर पडून रेडिएटरच्या नळ्यांत चिकट गोळा साठतो. ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहावं. बहुतेकांना ५० पुरतं.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रंग हा डाय आहे, त्याचं कुठलं मानक नाही. एकाच रंगाची दोन कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात. डब्यावर वाचायचं ते मानक. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी ३३०६ हलक्या गाड्यांसाठी, डी ६२१० हेवी ड्युटी इंजिनांसाठी. डी ४९८५ असेल तर पूरक रसायन सुरुवातीलाच वेगळं घालावं लागतं.

लाँग लाइफ, म्हणजे बहुधा ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं) प्रकारचं कूलंट, वाईट नाही. पण जुन्या ट्रकचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि शिशाच्या सोल्डरने जोडलेला असतो. अनेक ओएटी कूलंट त्या सोल्डरला पुरेसं जपत नाहीत, आणि काहींचं जुन्या सीलशी जमत नाही. वेट लाइनरसाठी तपासलेली हेवी ड्युटी ओएटी मिळतात, पण जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटवर वरून ओतली की दोघांचंही आयुष्य घटतं. इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय त्या प्रकाराला धरून राहणं माझ्या मते शहाणपणाचं.

आता पाणी. कडक पाण्यातले क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये आणि लाइनरभोवती, आधी बसतात. क्लोराइड आणि सल्फेट धातू खातात. हेवी ड्युटी कूलंटसाठी सहसा सांगितली जाणारी मर्यादा अशी: क्लोराइड दर लिटरला ४० मिलिग्रॅम, सल्फेट १००, कडकपणा १७०. बोअरचं पाणी यात सहसा बसत नाही आणि चव घेऊन हे कळत नाही. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी घ्यावं, नाहीतर तयार मिश्रण, म्हणजे निम्मं पाणी आधीच घातलेलं कूलंट.

तयार मिश्रणाची मात्र एक गोम आहे. समजा यंत्रणेत ३० लिटर मावतात. धुऊन काढल्यावर रेडिएटरचा नळ उघडला तर १८ लिटर पडतात. १२ लिटर साधं पाणी ब्लॉकमध्येच राहतं. त्यावर १८ लिटर तयार मिश्रण भरलं तर त्यात ग्लायकॉल ९ लिटर, म्हणजे फक्त ३० टक्के. अशा वेळी १५ लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट, आधी ओतायचं आणि उरलेली जागा पाण्याने भरायची. ब्लॉकचा बूच उघडता आला तर उत्तमच, पण जुन्या इंजिनावर तो बहुधा जाम असतो. मग हीटरचा कॉक उघडा ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर, एक थेंब बघायचा.