गोबरगॅसमुळे शेणाचा कस जातो?

‘गोबरगॅसला घातलेल्या शेणाचा कस गॅसबरोबर जळतो, उरते ते नुसते पाणी’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हवाबंद टाकीत जिवाणू शेण कुजवतात, तेव्हा बाहेर पडतो तो मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कार्बन. शेणाचा कस म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश ही पिकाची अन्नद्रव्ये; ती स्लरीतच, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ शेणातच राहतात. उलट नत्राचा काही भाग अमोनियम रूपात येतो आणि पिकाला लवकर लागू पडतो.

नुकसान होते ते नंतर. स्लरी उघड्यावर उन्हात वाळवली की हाच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून कृपा करून ती वाळवू नका. पाटाच्या पाण्याबरोबर ओलीच द्या, किंवा पालापाचोळ्यावर ओतून कंपोस्ट करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एवढ्या शेणाचे खत फुकट घालवू नका.