मेनवर थेट पुश करू नका!

किती वेळा सांगायचं? मेन म्हणजे सगळ्या टीमच्या कोडची मुख्य प्रत, तिच्यात आपला बदल थेट ढकलायचा (पुश करायचा) नसतो. ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढा, पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती) टाका, कोणाला तरी वाचू द्या, मग मर्ज करा, म्हणजे मेनमध्ये मिसळा. कोडमधले बदल सांभाळणारं गिट हे टूल 2005 साली लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) आलं, जिथे जगभरचे लोक एकाच कोडवर राबत होते. आमची टीम मूठभर, तरी जमत नाही? रात्री उशिरा कोणीतरी मेनवर थेट पुश मारतो, कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) नुसतं ‘फिक्स’. कसलं फिक्स? कुठलं? सकाळी बिल्ड लाल, म्हणजे कोड जुळवून प्रोग्रॅम बनवतानाच फेल! बाहेर जळगावचा मे महिना, लाइट गेलेली, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुसऱ्याचे कॉन्फ्लिक्ट (एकमेकांवर आदळणारे बदल) मी सोडवत बसायचं. ढीगभर फायलींची रिक्वेस्ट न उघडताच अप्रूव्ह करणारे तर डोक्यातच जातात. मेन ब्रँचला थेट पुश अडवणारं प्रोटेक्शन लावायची सोय सेटिंगमध्येच आहे. लावा ना भो, आजच लावा!